किती बसतेत?

यवतमाळ जिल्ह्यात नवी गाडी दारात उभी राहिली की पहिला प्रश्न ॲव्हरेजचा नसतो आणि किमतीचाही नसतो. किंमत हा दुसरा प्रश्न, तोही मालकाला नाही, मालकिणीला एकटं गाठून विचारायचा. पहिला प्रश्न विचारणारा आधी गाडीभोवती एक चक्कर मारतो, मागच्या काचेला नाक लावून आत डोकावतो, टायरवर चपलेने हलकी लाथ मारतो आणि मग विचारतो, "किती बसतेत जी?"

कंपनीच्या पुस्तकात याचं उत्तर सात असं छापलेलं असतं. सात असं सांगणारा माणूस बाहेरगावचा, हे तेवढ्यावरच कळतं. इथे उत्तर आकड्यात देत नाहीत, दाखला देतात. "साळ्याच्या लग्नात नेरवरून नवरीकडचे सारे एका खेपेत आणले. अन् रुखवताची टोपली कोणाच्या मांडीवर नव्हती, सांगून ठेवतो." ऐकणाऱ्याला हिशेब कळतो. तो मान डोलावतो आणि मनातल्या मनात आपल्या घरच्या पुढच्या कार्याला ही गाडी मागून ठेवतो.

यवतमाळच्या एका शोरूममध्ये आमचे एक काका गाडी पाहायला गेले होते. विकणारा पोरगा टाय लावून फार आस्थेनं सांगत होता, "काका, सहा एअरबॅग आहेत." काकांनी आत वाकून सगळीकडे पाहिलं आणि विचारलं, "त्या काढल्या तर किती बसतीन?"

या प्रश्नाचं मूळ शोधायचं तर रुळांपाशी जावं लागतं, म्हणजे रूळ जिथे नाहीत तिथे. यवतमाळला रेल्वे नव्हती असं नाही. इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला टाकलेली अडीच फुटी रुळांची शकुंतला होती, यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत राबलं आणि मग त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. शकुंतलेवर सगळ्यांचं प्रेम होतं आणि सगळे एसटीने जात. पुढे तीही थांबली. ती परत सुरू व्हावी म्हणून आंदोलनं झाली, आंदोलक बहुधा बोलेरोने आले.

वणीला ब्रॉडगेज आहे, पण तिथला खरा प्रवासी कोळसा. पुसद तालुक्याने महाराष्ट्राला वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन नाईक मुख्यमंत्री दिले. त्यांतले वसंतराव अकरा वर्षांवर खुर्चीत होते, तरी पुसदला आजही रेल्वे नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्ग दीड दशकाहून जास्त काळ येतो आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो कळंबपर्यंत पोचला. कळंबला चिंतामणीचं देऊळ आहे, तेव्हा तिथे तो जरा टेकला यात काही गैर नाही. मुंबईची गाडी धरायची तर यवतमाळकर धामणगावला जातो आणि धामणगाव आहे अमरावती जिल्ह्यात. प्रवासाला निघताना आधी जिल्हा सोडायचा, मग रेल्वे बघायची. पुढे समृद्धी महामार्ग झाला, तो दहा जिल्ह्यांतून गेला. त्या दहांत आम्ही नाही.

वाहनाशिवाय लांबचा प्रवास करून दाखवणारा जिल्ह्यातला अलीकडचा एकच रहिवासी मला माहीत आहे. तो पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ. २०१९ च्या जूनमध्ये तो निघाला आणि डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगेत पोचला. गळ्यातल्या कॉलरने १३०० किलोमीटरच्या वर चाल मोजली. लोकांनी त्याचं नाव 'वॉकर' ठेवलं. आमच्या पारावर त्याचं कौतुक झालं, पण एकाने शंका काढलीच, "याले कोणी बसवून घेतलं नसन काय?"

बसवून घेणं ही आमच्याकडे एक विद्या आहे आणि ती आम्ही काळी-पिवळीत शिकलो. ज्यांनी नव्वदीच्या दशकात दारव्हा–दिग्रस किंवा यवतमाळ–आर्णी हा प्रवास काळी-पिवळीने केला नाही, त्यांनी पदार्थविज्ञानाचं पुस्तक वाचलं असेल, पण पदार्थ किती दाबता येतो हे त्यांना कळलेलं नाही. काळी-पिवळी म्हणजे भाड्याची जीप, आणि जीप ही मूळ अमेरिकन लष्कराची गाडी. दुसऱ्या महायुद्धात चालक आणि तीन सैनिक बसावेत अशा बेताने ती बनवली होती. महिंद्रांनी १९४७ पासून तिची जुळणी इथे सुरू केली आणि पुढे तिला लांब केली. लांबी आम्हाला देऊन टाकल्यावर आम्ही तिच्यात दारव्ह्याचा अख्खा आठवडी बाजार बसवला.

त्याची एक रीत होती. समोर ड्रायव्हर धरून पाच. गिअरचा दांडा एका प्रवाशाच्या दोन गुडघ्यांमध्ये असे आणि त्या गुडघ्यांचा मालक गाडी चालवण्यात निम्मा भागीदार असे. ड्रायव्हर "भाऊ, पाय" म्हणाला की त्याने पाय डावीकडे घ्यायचे, मग तिसरा गिअर पडे. मधल्या सीटवर एक मागे टेकून आणि एक पुढे सरकून, परत एक मागे, एक पुढे. पुढे सरकलेल्याला हवा मिळे, मागे टेकलेल्याला टेका मिळे आणि अर्ध्या रस्त्यात अदलाबदल होई. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर आठ. मधल्या जागेत ज्वारीचं पोतं ठेवलेलं असे. ते सामान वाटायचं, पण त्यावर बसणाऱ्याकडूनही तिकीट घेत. मागच्या पायरीवर तिघे उभे, टपावर बकरी आणि बकरीवाला. ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर. उजवा खांदा वाऱ्यावर, दार कोपराने ओढून धरलेलं आणि सारं शरीर असं तिरपं की त्याने गाडी ओढून नेली असं म्हणावं.

गाडी भरल्याशिवाय सुटत नसे, पण भरली म्हणजे किती याची व्याख्या कुणी केलेली नव्हती. तुम्ही चढता तेव्हा "बसा, निघालोच" असतं. नंतर शेजारच्या गावातली शाळा सुटते, ओळखीची बाई लेकराला घेऊन येताना दिसते, तहसीलमधला शिपाई हात करतो. प्रत्येक वेळी किन्नर आत डोकं घालून म्हणायचा, "सरका ना जरासे, एवढ्यात काय होते." आश्चर्य म्हणजे लोक सरकायचे आणि जागा व्हायची. कुठून व्हायची हे मला अजून सांगता येत नाही. पुढे पोलीस चौकी आली की तिच्या अलीकडे पायरीवरचे आणि टपावरचे उतरून निवांत चालत चौकीसमोरून जात आणि पलीकडे पुन्हा चढत. चौकीवाला त्यांच्याकडे बघे, ते चौकीवाल्याकडे बघत. हा शिष्टाचार दोन्हीकडून पाळला जाई.

या शिक्षणाचा परिणाम असा की गाडी म्हटली की आम्हाला आधी तिचा आतला भाग दिसतो. पुण्या-मुंबईची माणसं गाडीचा रंग, दिवे, नाकाडोळ्याची ठेवण बघतात. आम्ही तिच्या पोटात बघतो.

२००० साली बोलेरो आली आणि या पोटाला तोड मिळाली. जिल्ह्यात तिच्यापेक्षा महाग गाड्या भरपूर आहेत. वणीकडे कोळशाच्या खाणींना जमिनी गेल्या, मोबदले आले आणि काही अंगणांत फॉर्च्युनरही उभ्या राहिल्या. बिचाऱ्या पांढऱ्या आल्या आणि खाणीच्या धुळीने आठवड्यात राखाडी झाल्या. पण इथे प्रेम करायचं ते बोलेरोवर. ती देखणी आहे असं तिच्या मालकाची आईसुद्धा म्हणणार नाही. तिला गोलाई नाही. ती नाशिकच्या कारखान्यात पट्टी आणि काटकोन घेऊन बसून काढली आहे. पण ती का आवडते ते समजून घ्यायचं तर श्रावणात आमच्या पांदणीने यावं लागतं.

पांदण म्हणजे शेताकडे जाणारा रस्ता, आणि पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण म्हणजे रस्ता नसल्याचा सरकारमान्य पुरावा. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या दोन्हीकडे खोल जातात आणि मध्ये उंचवटा राहतो. शहरातली बुटकी मोटार त्या उंचवट्यावर पोट टेकते आणि चारही चाकं हवेत फिरवत बसते. त्यातून काळी माती चाकाला धरते, मडगार्डात भरते, चाक दुप्पट जाड होतं आणि एका क्षणी फिरायचंच थांबतं. बोलेरो उंच, मागच्या चाकांनी ढकलणारी, खाली लोखंडी पाटे. तीही फसते, नाही असं नाही. पण ती फसली तर चार माणसांनी ढकलून निघते आणि चार माणसं आत असतातच, अडचण उरलेल्या सहांना खाली उतरवण्याची.

शिवाय तिला कुठलाही मिस्त्री हात लावू शकतो. नव्या गाड्यांना लॅपटॉप लावावा लागतो आणि लॅपटॉप यवतमाळला असतो. बोलेरोला हातोडी लागते. बैलाने शिंग मारलं, फाटकाला घासली, पोराने पहिल्यांदा रिव्हर्स घेतली आणि गोठ्यात घातली, तर पत्रा आतून ठोकून बाहेर काढायचा. सरळ रेषेतला पत्रा सरळ करायला कारागीर फार मोठा लागत नाही. आमच्या गावातल्या एका बोलेरोचं डावं दार कुणी, कुठे आणि कशाने ठोकलं याचा पूर्ण इतिहास पोरांना पाठ आहे. इतकं आपलं नाव एखाद्या दारात गुंतलेलं असलं की ती गाडी परकी कशी राहील?

आता ही गाडी येते कुठून, तर कापसातून. २०२१-२२ च्या हंगामात हमीभाव सहा हजारांच्या घरात असताना बाजारात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला. इथल्या माणसाला लगेच हिशेब सुचला की शंभर क्विंटल म्हणजे एक बोलेरो. कोरडवाहू शेतीत शंभर क्विंटल पिकवणारे थोडे, पण तीन भावांचा मिळून होईल, दोन साडूंचा मिळून होईल, अशा भागीदाऱ्या चावडीवर जुळल्या. ज्यांनी दिवाळीतच विकून टाकला होता ते हळहळले आणि सगळ्यांनी पुढल्या वर्षाची वाट धरली. पुढल्या वर्षी कापूस वेचून झाला आणि कोणी विकेना. तो घरात भरला, आधी मागच्या खोलीत, मग देवघराच्या बाजूला, मग बैठकीत छताला लागेपर्यंत. घरात साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. साऱ्या घरादाराचे हात लाल झाले, लेकरं रात्रभर खाजवायची, पाहुणा आला की ओसरीतच बसवायचा. पण तक्रार कोणी केली नाही. बैठकीत ठेवलेली ती बोलेरो होती. भाव मात्र वर जाण्याऐवजी खाली आला, सात-आठ हजारांवर घुटमळू लागला आणि बैठकीतली बोलेरो टायरापासून एकेक सुटा भाग करत कमी होत गेली. शेवटी एका घरातल्या आजीने कापसाकडे बघत म्हटलं, "आता याची फटफटीच होते रे बापा. पण खाज मोटारीएवढीच आली."

टाटांची नॅनो इथे का रमली नाही यावर मोठमोठ्या व्यवस्थापनाच्या शाळांनी विचार केला असेल. आमच्या पारावर तो प्रश्न केव्हाच निकाली निघाला आहे. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत ती दाखवली तेव्हाच साऱ्या देशाला किंमत कळली, एक लाख. घात झाला तो इथे. गाडी घेणाऱ्याला निदान किमतीबाबत तरी थोडं मोकळं रान हवं. बोलेरोवाला भावकीत साडेअकरा सांगतो, बँकेत साडेनऊ, बायकोला आठ आणि सासऱ्याला "पाहू जमलं तर". चार ठिकाणी चार किमती सांगण्यात जो आनंद आहे तो नॅनोने मारून टाकला. ज्या गाडीची किंमत शेजाऱ्याच्या सहावीतल्या पोराला पाठ आहे ती दारात लावून उपयोग काय? आणि हो, बसायचे चारच.

मारुती ८०० ला मात्र मान होता, पण तो मास्तरांचा. नवरा-बायको दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेत असली की त्यांच्या अंगणात फणसाचं नाही तर सीताफळाचं झाड आणि त्याखाली पांढरी ८००. ती वर्षानुवर्षं नवीच राहिली. गुरुजी ती रविवारी पुसायचे आणि सोमवारी एसटीने शाळेत जायचे.

पुढाऱ्यांची गोष्ट निराळी. एके काळी पांढरी अँबॅसिडर गावात शिरली की लोक धुळीवरून ओळखत, कलेक्टर की आमदार. २०१४ साली ती बनायची थांबली. मग मोठ्यांना इनोव्हा आणि होतकरूंना स्कॉर्पिओ. २०१७ च्या १ मे पासून मंत्र्यांच्या डोक्यावरचा लाल दिवासुद्धा गेला, तेव्हा आमच्या तालुक्यातल्या ज्या कार्यकर्त्यांना तो कधीच मिळणार नव्हता त्यांनाही फार वाईट वाटलं. मग सगळा जोर नंबरावर आला. इंग्रजी आकड्यांतला ४१४१ जरा पाय वळवून रंगवला की 'दादा' वाचता येतो. एका काळात जिल्ह्यात दादांची संख्या इतकी झाली की दादा नसलेला माणूस उठून दिसायचा. नंतर सरकारने सगळ्यांना एकाच ठशाच्या सुरक्षित पाट्या लावल्या आणि दादांचे पुन्हा साधे चार आकडे झाले. मागच्या काचेला मात्र सरकारने अजून हात लावलेला नाही. जय सेवालाल, जय भीम, जय सेवा, जय जिजाऊ, बाबा कंबलपोश, चि. अमुक आणि कु. तमुक. आर्णी नाक्यावर तासभर उभं राहून मागच्या काचा वाचल्या तर जिल्ह्याची जनगणना घरोघर न फिरता होईल. मागचं काही दिसत नाही ही गोष्ट खरी, पण मागे बघून चालवायची आमच्याकडे पद्धत नाही.

दुष्काळ पडला, अतिवृष्टी झाली, बोंडअळी आली की पाहणी पथकं येतात. पुढे पायलट जीप, मागे पांढऱ्या गाड्यांची रांग. पथक बांधावर उभं राहून आमचं पीक बघतं, आम्ही पथकाच्या गाड्या बघतो. अहवाल दोघांचाही तयार होतो आणि आमचा आधी तयार होतो, "सात गाड्या आल्या, माणसं फक्त अकरा."

नवी गाडी घेतल्यावर तिची खरी परीक्षा माहूरला होते. कंपनीने ती कुठल्या डोंगरात, कुठल्या बर्फात तपासली असेल ते तिचं तिला माहीत. रेणुकामातेच्या पायाशी जाणारा घाट ती भरल्या पोटी चढली म्हणजे पास. या परीक्षेला एकट्याने जायचं नसतं. घरचे तर हवेतच. मग ज्यांनी हप्त्याला हातभार लावला ते, ज्यांनी लावला नाही पण लावतो म्हटलं होतं ते, शेजारच्या काकू (त्यांच्या जागेत गाडी उभी राहणार), आणि पूजा सांगायला एक महाराज. नारळ, झेंडू, पुरणपोळ्यांचा डबा, पाण्याची कॅन. मे महिना, पारा चव्वेचाळीसच्या वर. एसी आहे, पण चढावर एसी लावला की इंजिनवर ताण पडतो अशी साऱ्यांची ठाम समजूत, म्हणून काचा खाली आणि प्रत्येकाच्या डोक्याला दुपट्टा. वळणावर क्लचचा वास आला की गाडीत एकदम शांतता होते. मालक स्टेअरिंगवर पुढे झुकतो. मागून एक म्हातारी "उदो गं अंबे" म्हणून आरोळी ठोकते आणि गाडी चढते. वर पोचल्यावर बोनेटवर हळदीकुंकू लावताना मालकिणीचा हात भाजतो, तरी ती पूर्ण स्वस्तिक काढते. परत येताना प्रत्येक जण चढल्याचं श्रेय वाटून घेतो. इंजिनाच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं.

दारात उभी राहिलेली गाडी कागदावर एकाच्या नावावर असते, म्हणजे विमा आणि दंड त्याने भरायचा. बाकी ती गावाची. रात्री दोन वाजता कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या छातीत कळ आली म्हणून, सेवाग्रामला नाहीतर सावंगीला न्यायचं तर आधी दार वाजतं ते गाडीवाल्याचं. तोही "थांबा, बनियन घालतो" एवढंच म्हणतो. या उपकाराची फेड पैशांत होत नाही आणि होऊही देत नाहीत, पण तिचा एक विधी आहे. गाडी परत आणून दिली की नेणारा खिशात हात घालून म्हणतो, "डिझेलचं किती झालं?" मालक म्हणतो, "राहू द्या हो, तुमच्यापेक्षा काय डिझेल हाय?" नेणारा खिशातून रिकामा हात काढतो, चहा होतो, तो जातो. मग मालक बाहेर येऊन चावी फिरवतो आणि काट्याकडे बराच वेळ बघत उभा राहतो.

एमएच २९ चं प्रेम जिल्ह्यात कळत नाही, तिथे सगळेच २९. ते पुण्यात कळतं. हिंजवडीच्या सिग्नलवर एमएच १२ आणि १४ च्या गर्दीत एक धुळकट २९ शेजारी येऊन थांबली की दोन्हीकडच्या काचा आपोआप खाली होतात. "कोनत्या गावचे?" "दिग्रस." "दिग्रसात कोणाच्या घरचे?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत कुणाची तरी आत्या कुणाच्या तरी चुलत सासऱ्याला दिलेली निघते. तोवर सिग्नल हिरवा होऊन परत लाल झालेला असतो आणि मागचं पुणं भोंगे वाजवत आपल्या ज्ञात शब्दांत मत सांगत असतं. त्यांची पोचपावती न देता नंबर घेतले जातात.

पुण्याच्या गाड्याही आमच्याकडे येतात, सेकंड हँड होऊन. त्या सगळ्या डॉक्टरांच्या असतात. विकणारा गाडीच्या छतावर हात ठेवून गंभीरपणे सांगतो, "एका हातची हाय. डॉक्टरची गाडी. फक्त दवाखाना ते घर." जास्त पैसे पाहिजे असले तर डॉक्टरीणबाई. यवतमाळ जिल्ह्यातल्या जुन्या गाड्या मोजल्या तर पुण्यातल्या प्रत्येक डॉक्टराने आयुष्यभर दर तीन महिन्यांनी गाडी बदलली असली पाहिजे. तिचा एमएच १२ घेणारा शक्य तितके दिवस बदलत नाही. गाडीच्या ॲव्हरेजबद्दल शंका आली तर म्हणतो, "तिले पुण्याची सवय हाय, इथलं मानवाले वेळ लागते."

आमच्या मामांकडे कमांडर जीप होती. तिच्यात भाच्या-पुतण्यांची लग्नं झाली, बी-बियाणं आलं, म्हातारीच्या अस्थी नेल्या आणि दर पोळ्याला बैलांच्या आधी तिच्या बोनेटला तूप-हळद लागली. मग मुलाने बोलेरो आणली आणि कमांडर घाटंजी तालुक्यातल्या एका वीटभट्टीवाल्याला विकली. सौद्याच्या वेळी मामा गप्प होते. महिना झाला नाही तोच म्हणाले, "जरा पाहून येतो." तेव्हापासून जातातच. सोबत ऑइलची लिटरभर कॅन. मामी म्हणतात, "सख्ख्या बहिणीच्या घरी राखीले जाणं होत नाही ह्यायचं."

मागच्या खेपेला मला घेऊन गेले. भट्टीवाल्याने ती हिरवी रंगवली होती, मागचे बाक काढून विटा भरल्या होत्या. मामांनी नमस्कार-चमत्कार न करता बोनेट उघडलं, ऑइलची काडी ओढली, दोन बोटांत ऑइल चोळून हुंगलं आणि म्हणाले, "उपाशी ठेवता काय इले?"

"लय त्रास देते मामा. चढावर थांबून जाते."

"माह्याजवळ कधी थांबली नाही."

"मग घेऊन जा ना."

मामांनी खर्र्याची पुडी सोडली. बराच वेळ घोटली. "कितीले देता?"

भट्टीवाल्याने आपण दिले त्यापेक्षा दहा हजार वर सांगितले. मला वाटलं मामा चिडतील. त्यांनी माझ्याकडे वळून अभिमानाने पाहिलं, "पाह्यलं? भाव वाढला तिचा." आणि खाली विटांच्या थप्पीवर बैठक मारली. खिशात फोन वाजत होता, मामींचा असणार. त्यांनी तो न बघताच बंद केला.

सौदा अजून तुटलेला नाही. भट्टीवाला म्हणतो, टायर नवे आहेत, त्याचे पैसे धरा. मामा म्हणतात, टायर मीच टाकले होते, विकायच्या आधल्या दिवशी.